अडीच हात

आर्वो कोस्केला पहिल्यांदा दुकानात आला
तेव्हा गल्ल्यापलीकडे मला नुसती टोपी दिसली.
सात वर्षांचा. तीन वार दोर हवा होता, गाठी शिकायला.
मी चार वार मोजला, तिनाचे पैसे घेतले.
पुढं वर्षभर माझ्या दाराची मूठ
कधी खुर्चीला, कधी माझ्याच कुत्र्याला
बांधलेली सापडायची.

मग दर दोन-तीन महिन्यांनी काहीतरी.
कंदिलाची वात, कुऱ्हाडीला दांडा,
तंबूचे खुंटे, "पाच नको, सहा द्या, एक हरवतोच."
सदऱ्यावर बिल्ले वाढले, आवाज फुटला.
बाप कामासाठी डुलुथला गेला, तो तिकडचाच झाला.
त्या हिवाळ्यात पोरानं काही विकत घेतलं नाही,
नुसता शेगडीजवळ उभा राहायचा,
जाताना खिळ्यांचे डबे मापानं लावून जायचा.

सोळाव्या वर्षी शेवटचा बिल्ला, गरुडाचा.
त्याला गावाच्या उपयोगाचं एक काम लागतं:
माणसं जमवायची, तास मांडायचे.
त्यानं निवडली वृद्धाश्रमामागची वाट,
सुपीरियरच्या काठावरल्या सौनाकडे उतरणारी.
दर शनिवारी म्हातारी तिथं जातात
टॉवेल खांद्यावर, एकमेकांना धरून.
ब्याण्णव वर्षांची हिल्या मॅकी मात्र बसूनच घसरत जाते.
म्हणते, बसलेल्याला पडायची भीती नाही.

चौदा खांब सीडरचे, वर कठडा.
यादी सुबक अक्षरात. सिमेंट: सात गोण्या.

सात.
एकतीस वर्षं मी हे दुकान चालवते.
थंडी जमिनीत किती खोल जाते ते मला ठाऊक आहे.
माझा नवरा जानेवारीत गेला;
मे लागेपर्यंत त्याला माती देता आली नाही.
सात गोण्यांत खड्डे होतात हातभर.
लागतात अडीच हात.
पण पोरगा इतका ताठ उभा होता,
मागं तीन गिऱ्हाइकं होती,
आणि माझं सूप निवत होतं.
यातलं खरं कारण कुठलं, मी अजून ठरवलेलं नाही.
"सात," म्हटलं, आणि बिल फाडलं.

सप्टेंबरात कठडा उभा राहिला. फोटो निघाला.
गावच्या हॉलमध्ये आईनं बिल्ला टाचला,
त्यानं तीन बोटं वर करून शपथ म्हटली, न अडखळता.
एकशे बासष्ट तास, वहीत नोंदलेले.
मी केकचे दोन तुकडे खाल्ले.

मग थंडी आली, आणि जमिनीनं
एकेका खांबाला खालून खांदा दिला.
एप्रिलात बर्फ ओसरलं तेव्हा
सहा कलले होते, तीन बुडासकट वर,
आणि हिल्या पुन्हा बसून घसरत होती.

तो आला. आता त्याची नजर माझ्या डोक्यावरून जाते.
"किती खोल, मिसेस निएमी?"
"अडीच हात," मी म्हटलं.
"तेव्हाही अडीचच होते."
तो बराच वेळ दोराच्या रिळाकडं बघत राहिला.
मग म्हणाला, "अजून चौदा गोण्या. पैसे उन्हाळ्यात देईन."

या वेळी वही नव्हती. सदराही साधाच, कोपरावर फाटलेला.
पहिला शनिवार तो एकटा खणत होता.
दुसऱ्या शनिवारी मी पहार घेऊन गेले,
किमतीची चिठ्ठी तशीच चिकटलेली.
तो पालथा पडून, खांद्यापर्यंत हात आत घालून
दगड उपसत होता.
हात पुरेना, तेव्हा हिल्यानं
सौनातली लांब दांड्याची पळी आणून दिली
आणि खड्ड्याशेजारी बसून राहिली,
टॉवेल डोक्यावर, हुकूम सोडत.

मापाला एक दोर होता, मळका,
अडीच हातांवर गाठ मारलेला.
गाठ काठाला टेकली की पुढचा खड्डा.
दोर कुठला, मी विचारलं नाही.

अकराव्या खड्ड्यात एकसंध खडक लागला.
पहार नुसती वाजत राहिली.
तिथं कठडा जरा वळतो.